मुलांचे फोटो: स्टुडिओत, बागेत की घरीच?

मूल पोटात असतानाच हल्ली फोटोग्राफरची चौकशी सुरू होते आणि मुंबईत पर्याय इतके आहेत की, बारसे जवळ आले तरी निर्णय होत नाही. दरांची तुलना कोणीही फोन करून करू शकतो. येथे विचार केला आहे तो कोणत्या जागी काय मिळते आणि काय हातचे जाते याचा.

नवजात बाळासाठी स्टुडिओची बाजू भक्कम आहे. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपते, अंग मुडपून घेते, आणि तेथे प्रकाश व खोलीची ऊब दोन्ही हाताशी असल्याने बाहेर धो धो पाऊस असला तरी काम अडत नाही. मात्र हनुवटी दोन्ही तळव्यांवर टेकवून झोपलेल्या बाळाचा जो लोकप्रिय फोटो असतो, तो मोठ्या माणसाने बाळाला आधार दिलेल्या दोन वेगवेगळ्या फोटोंच्या जोडणीतून तयार होतो. कोणी तो एकाच फोटोत, आधाराविना काढू लागले, तर पैसे बुडाले तरी चालतील, पण बाळाला उचलून घ्यावे. बाकी टोपली, लोकरीची टोपी आणि खोटी फुले सगळ्यांच्याच फोटोंत तीच असतात.

बागेतला फोटो धावू लागलेल्या मुलाला मानवतो. शिवाजी पार्क किंवा माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स येथे सकाळी लवकर किंवा मावळतीच्या आधीचा तास निवडावा, कारण दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात मूल दहा मिनिटांत घामाघूम होऊन किरकिरू लागते. ट्रायपॉड उघडला की रखवालदार परवानगी विचारण्याची शक्यता असते, म्हणून ती कोण घेणार हे आधीच ठरवावे.

माझा कौल मात्र घराला आहे. बोरन्हाणाचेच पाहा. काळे झबले, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट, आणि वरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या यांचा वर्षाव. मूल आधी दचकते, ओठ काढते, आणि रडायच्या बेतात असतानाच मांडीवर पडलेले बोर त्याला दिसते. तो बदल दोन-तीन सेकंदांत होऊन जातो आणि पुन्हा करून दाखवा म्हणता येत नाही. माझ्या स्वतःच्या बोरन्हाणाच्या फोटोत मागे पितळी पिंप आणि भिंतीवरचे कालनिर्णय दिसते. आज आम्ही सगळे माझ्याआधी ते पिंपच पाहतो.

मग घरी फोटोग्राफर बोलवावा की फोन पुरेसा आहे? खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद करून, दिवसाउजेडी काढलेला फोनचा फोटो सुरेख येतो. फोन चेहऱ्याजवळ नेल्यास नाक मोठे दिसते, त्यासाठी दोन पावले मागे सरकून दुपटीचा झूम वापरावा. पण चाळीच्या आतल्या खोलीत, कमी उजेडात हलणारे मूल फोनमध्ये पुसट येते. तेथे मोठ्या छिद्राची लेन्स आणि सेकंदाच्या अडीचशेव्या भागाइतका वेगवान शटर कामी येतो. दुसरे कारण अधिक वजनाचे आहे. मुलीच्या पहिल्या वर्षाचे आमच्याकडे साडेतीन हजार फोटो आहेत आणि तिची आई त्यांपैकी अकरा फोटोंत आहे. चारांत तर नुसता हातच, कारण फोन कायम तिच्याकडे असायचा. म्हणून रोजचे फोटो फोनवर काढावेत, आणि वर्षातून एकदा, बोरन्हाण किंवा वाढदिवसाला, दोन तासांसाठी माणूस बोलवावा.

त्याच्याशी लेखी बोलणे करावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याकडे असतो. पुष्कळदा छापील अटींत नेमका तोच हक्क फोटोग्राफरकडे गेलेला असतो, शिवाय जाहिरातीसाठी मुलाचा चेहरा वापरण्याची मुभाही. ती ओळ खोडायला सांगण्यात संकोच नको.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने मागवू नयेत, त्यांचा आकार घटतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर घ्यावेत. चार बाय सहा इंचांच्या स्वच्छ छपाईला 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात. छापलेले फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नयेत, मुंबईच्या दमट हवेत ते पानाला धरून बसतात. आमच्या बारशाचे निम्मे फोटो सोडवताना फाटले. कोपऱ्यांत खोचायचा अल्बम घ्यावा, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि तो माळ्यावर किंवा पावसात ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नये.