शुक्रवारच्या शरबतासाठी काळे मनुके, मार्केट यार्डाजवळच्या दुकानाचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं. सोलापूरच्या मार्केट यार्डाच्या बाजूच्या गल्लीत बेदाणा-मनुक्याचं एक छोटं दुकान आहे, दुकानाचं नाव टाकत नाही कारण काकांनीच सांगितलंय की ताई नाव-बिव टाकू नका, पण तिथे गेलात आणि बेदाणावाले काका विचारलंत तर कुणीही दाखवेल. मी चार वर्षं दर गुरुवारी तिथून काळे मनुके घेतेय.

आता दर आठवड्याला मनुके कशाला लागतात ते सांगते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आडनावाच्या शेवटी '-कर' लागतं, घरात मराठीच बोलतो, त्यामुळे सोलापुरात मिस्टरांची बदली झाली तेव्हा शेजारच्यांना पहिले सहा महिने कळलंच नाही, कळल्यावर पहिला प्रश्न हाच की म्हणजे पारशी का? नाही वो, पारशी वेगळे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवे लावायचे, मावळला की आमचा शब्बाथ म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस सुरू होतो, मग किद्दुश म्हणजे द्राक्षाच्या प्याल्यावर आशीर्वाद म्हणायचा, बोरे पेरी हागाफेन, द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणारा. वाईनच्या बाबतीत आमचे नियम कडक आहेत, ती ज्यूंच्याच हातची लागते, दुकानातली नेहमीची बाटली चालत नाही. मग आमच्या आज्या-पणज्यांनी कोकणात बसून जो मार्ग काढला तोच अजून चालू आहे, काळे मनुके भिजवून त्याचं शरबत. मनुक्याच्या पाण्यावर किद्दुश चालतो हे धर्मशास्त्रातही आहे, त्यामुळे हे काही कामचलाऊ नाही, पूर्ण मानाचं आहे.

आणि म्हणूनच मनुका कसा आहे याने फार फरक पडतो. सुरुवातीला मी ऑनलाइन मागवले होते, पाकीट एकदम चकाचक, पण भिजवल्यावर पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि वर उग्र वास, त्या शुक्रवारी मुलाने एक घोट घेऊन प्याला खाली ठेवला आणि मला रडू आलं. म्हणजे बाकी सगळं हुकलं तरी चालेल पण त्या प्याल्यात गडबड नको ना.

काकांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं कशाला पायजे, खायला का भिजवायला. भिजवायला म्हटल्यावर पुढ्यातली पोती सोडून आतून एक पेटी काढली, चार दाणे पांढऱ्या रुमालावर घासून दाखवले, डाग नाही, दाणा बोटांनी दाबून उघडला, आतून गडद आणि ओला. म्हणाले हिरव्या-पिवळ्या बेदाण्याला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तो तुम्ही भिजवू नका, वास पाण्यात उतरतो, आणि चमक यायला तेलाचा हात मारतात तो माल पण नको. त्या दिवशी मला कळलं ऑनलाइनवाल्यात काय झालं होतं. तेल कशाचं हा आमच्यासाठी खाण्यापिण्याच्या नियमाचाही प्रश्न असतो, त्यामुळे बिनतेलाचा माल मिळणं म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरलं.

त्यांच्याकडचा काळा मनुका बहुतेक शरद सीडलेस द्राक्षाचा असतो, आणि ही जात आपल्या सोलापूरजवळच्या नानजचीच, तिथले द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळ्यांनी पुढे आणलेली, हे पण काकांनीच अभिमानाने सांगितलं. आमच्या किद्दुशच्या प्याल्यात नानजची द्राक्षं आहेत याचं मला अजूनही फार छान वाटतं.

माझं प्रमाण असं की पाव किलो मनुके दोन-तीन पाण्यांनी धुवून गुरुवारी रात्री चार कप पाण्यात भिजत घालायचे, शुक्रवारी दुपारी हाताने चांगले कुस्करायचे आणि मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायचे. साखर अजिबात नाही. रंग पातळ काकवीसारखा येतो. चोथा टाकत नाही, शिऱ्यात घालते.

एकदा काकांनी विचारलं, काय वो ताई, बाकी गिऱ्हाईक शनिवारी येतं, तुम्ही शनिवारी कधीच येत नाहीत. मग सांगितलं की शनिवारी आम्ही काम, व्यवहार काही करत नाही, आणि आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. काका एकदम उठूनच उभे राहिले, म्हणाले आमचे आजोबा पण घाण्यावरच होते की वो, मग तुम्ही आमच्यातलेच! तेव्हापासून गुरुवारी माझं पाव किलो आधीच मापून ठेवलेलं असतं. सोलापुरात आमचं प्रार्थनामंदिर नाही, योम किप्पुरला, म्हणजे आमच्या उपासाच्या मोठ्या दिवसासाठी, आदल्या दिवशी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला लाल देवळात, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनामंदिरात जातो, त्यामुळे इथे आपल्या शुक्रवारची आठवण ठेवणारं कुणीतरी आहे हे माझ्यासाठी खूप मोठं आहे.

मलिद्याला लागणारा सुकामेवा पण तिथूनच घेतला होता, घर घेतलं तेव्हा एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा केला, भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-बेदाणे. बदाम ठीक होते, फार काही खास नाहीत. काजू तिथून घेऊ नका, दोनदा जुने लागले.

बाकी तक्रारी म्हणजे पिशव्या फार पातळ देतात, घरी येईपर्यंत फाटते, डबा घेऊन जा. देठ थोडे निघतात, निवडायला दहा मिनिटं धरा. पार्किंग नाहीच, सकाळी ट्रक लागलेले असतात म्हणून दुपारी चारनंतर जावं. गेल्या महिन्यात मला 380 रुपये किलोने पडले, नेहमीच्या किराणा दुकानापेक्षा थोडे जास्तच, पण मी एकदाही घासाघीस केली नाही.

पेसाख म्हणजे आमच्या वल्हांडण सणाला प्रत्येकाला चार प्याले लागतात आणि पुण्याहून सासरची मंडळी येतात, म्हणजे दोन किलो तरी जातात. सण मार्च-एप्रिलात येतो आणि नवा माल पण तेव्हाच उतरायला लागतो, तर काकांना दोन आठवडे आधी सांगून ठेवायचं, ते पहिल्या पेट्यांमधून बिनतेलाचा माल बाजूला काढून वर खडूने 'ताईंचा सण' लिहून ठेवतात.