मधला क्लीट नसलेली शिडाची बोट: फ्रान्सच्या कालव्यांत दोन मोसम वापरल्यावर

बोट किती लांब, किती जण झोपतात, इंजिन किती अश्वशक्तीचं, हे सगळं जाहिरातीत असतं, त्यामुळे ते इथे लिहीत नाही. २९ फुटी, सेकंडहँड, शिडाची बोट. हॉलंडमध्ये राहणाऱ्या मावसभावाबरोबर अर्ध्या भागीत घेतली, नोंदणी त्याच्या नावावर. मी आणि नवरा, दोघांनीच ती हॉलंडहून फ्रान्समधल्या कालव्यांतून आणि नद्यांतून भूमध्य समुद्रापर्यंत नेली. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, म्हणून प्रवास दोन मोसमांत विभागला आणि मधल्या काळात बोट सोन नदीकाठच्या सँ-जाँ-द-लोन या बंदरात ठेवली.

माझी मुख्य तक्रार एकच आहे. या बोटीला मध्यावर, कडेला, क्लीट (दोर वेढा देऊन अडकवायची दोन शिंगांची धातूची खुंटी) नाही. पुढे दोन, मागे दोन, मध्ये काहीच नाही. किंमत पाहून कोणी म्हणेल की एवढ्याशा लोखंडाचं काय घेऊन बसलात. लॉकमध्ये (कालव्यातला दोन दरवाजांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात) दोघांनीच बोट सांभाळायची असेल तर गादी, स्वयंपाकाचा ओटा आणि नवी शिडं यांच्या आधी हे बघावं लागतं.

मुंबईत शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण इथे त्याची गरजच पडत नाही. कुलाब्याला बोटी पाण्यात मूरिंगला (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या बोयाला) बांधलेल्या असतात, आपण लहान होडीने तिथवर जातो. दगडी भिंतीला बोट लावण्याचा प्रसंग क्वचित. इंदिरा डॉकच्या तोंडाशी लॉक आहे, पण ते मोठ्या जहाजांसाठी. त्यामुळे बोट बघायला गेलो तेव्हा आम्ही इंजिन, बूड, डोलकाठीची बैठक सगळं तपासलं. विकणाऱ्या दलालाला कालव्यांतून जाणार असल्याचं स्पष्ट सांगितलं होतं, तरी क्लीटबद्दल तो चकार शब्द बोलला नाही.

फ्रान्समधली बहुतेक जुनी लॉकं एकाच मापाची आहेत. १८७९ मध्ये तिथले सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी ३९ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद हे माप ठरवलं, ते आजही चालू आहे. आमची बोट तीन मीटर रुंद, म्हणजे बाजूला दोन मीटर मोकळे. पुलांखालून जाण्यासाठी डोलकाठी उतरवून लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली, तिचं टोक बोटीच्या मागे बाहेर आलेलं.

आता लॉकमध्ये चढताना काय होतं ते सांगते. बोट आत शिरते, मी शेवाळलेल्या शिडीवरून वर जाऊन खुंट्याला दोर घालते आणि परत खाली येते. लॉकची यंत्रणा चालू करणारी निळी दांडी वर ओढली की मागचे दरवाजे मिटतात (शेजारची लाल दांडी अडचणीत यंत्रणा थांबवायला). मग वरच्या बाजूने पाणी सुटतं. कालवा शांत दिसतो, पण या पाण्याला जोर असतो. पुढचा दोर ताणला जातो, नाक भिंतीकडे ओढलं जातं आणि शेपूट मोकळ्या दोन मीटरमध्ये फिरायला लागतं. मागचा दोर सांभाळायला तिसरा माणूस नाही, कारण नवरा इंजिनावर. काही क्षणांत डोलकाठीचं टोक समोरच्या भिंतीला घासतं. टोकावरचा दिवा पहिल्याच आठवड्यात फुटला.

मध्यावर क्लीट असेल तर एकच दोर पुरतो. तो खुंट्याभोवती फिरवून परत बोटीवर आणायचा, किंचित मागे झुकता ठेवायचा, इंजिन अगदी मंद पुढे, सुकाणू भिंतीपासून दूर वळवलेलं. बोट भिंतीला समांतर चिकटून राहते. दोर पक्का बांधायचा नाही, फक्त वेढा द्यायचा आणि पाणी चढेल तसा ओढत जायचं. उतरताना तर बांधलेला दोर धोक्याचाच, पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते. म्हणून हाताशी सुरी ठेवायची.

पहिल्या मोसमात आम्ही व्हित्री-ल-फ्रांस्वाहून शांपान-बर्गंडी कालव्याने आलो. २२४ किलोमीटर, ११४ लॉकं: ७१ चढायची, ४३ उतरायची, मध्ये माथ्यावर बालेमचा जवळजवळ पाच किलोमीटरचा बोगदा. या कालव्यावर मी क्लीटपायी जितकी चिडले तितकी दुसऱ्या कशाने नाही. पुढच्या शिडाचा दोर ज्या सरकत्या पुलीतून जातो, तिच्यातून दोर काढून विंचवर (दोर ताणायच्या फिरकीवर) घेऊन बघितला. भार पेलतो, पण पुलीत दोर घासतो आणि विंच मागे असल्यामुळे मला कडेला उभं राहून बोट भिंतीपासून ढकलता येत नाही.

पुली ज्या पट्टीवर सरकते, त्याच पट्टीवर बसणारा सरकता क्लीट मिळतो. तिथल्या एका बोटसामानाच्या दुकानाला पट्टीचं माप, ३२ मिलिमीटर, कॅलिपर लावलेल्या फोटोसकट पाठवलं. एका नगाला शंभराहून जास्त युरो. आले २५ मिलिमीटरच्या पट्टीचे दोन नग, पट्टीवर चढेचनात. परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं की पाकीट उघडलंय, आता घेणार नाही. पाकीट उघडल्याशिवाय माप कळणार कसं? फोटो पुन्हा पाठवला, माझाच ईमेल जोडून पाठवला. पैसे आले नाहीत. त्या वेळी मी मावसभावाला सरळ लिहिलं होतं, दादा, पुढच्या वर्षी ही बोट विकून टाकू.

आता दुसऱ्या मोसमानंतर मत बदललं आहे.

मुंबईला परतताना तो चुकीचा क्लीट आणि पट्टीच्या आडव्या छेदाचा पुठ्ठ्यावर काढलेला नमुना बरोबर आणला. कुर्ल्याला एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे दोन्ही ठेवलं. त्यांनी क्लीट हातात उलटासुलटा केला आणि विचारलं, "ताई, वजन किती येणार याच्यावर?" बोट साडेतीन टनांची, पण ती तरंगत असते, पाण्याचा हिसका बसतो तो वेगळा, असं सांगितलं. "मग वेल्ड वरूनच नको, खालूनपण घेतो," म्हणाले. खडूने पत्र्यावरच आकृती काढली. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मी स्वतः नागदेवी स्ट्रीटवरून बिल घेऊन आणून दिलं. पट्टीच्या भोकात बसणारी स्प्रिंगची खिटी त्यांनी लेथवर केली. माल-मजुरी धरून दोन नग त्या दुकानाच्या एका नगाहून स्वस्त पडले. चेक-इन बॅगेतून नेले.

बसवण्याआधी आतल्या छताचं अस्तर सोडवून पट्टी डेकमधून आरपार बोल्टने बसवलेली आहे ना, ते पाहिलं. नुसत्या स्क्रूवर असेल तर हा उपाय करू नका, हिसक्याने पट्टीच उपटून येईल.

खात्री करायला आधी सँ-जाँ-द-लोनहून दिजाँपर्यंत बर्गंडी कालव्याने (हा आधीच्या शांपान-बर्गंडीहून वेगळा) जाऊन परत आलो, सुमारे ३० किलोमीटरमध्ये २२ लॉकं. जाताना सगळी चढायची. पहिल्या लॉकमध्ये पाणी सुटलं आणि बोट जागची हलली नाही. एक दोर, एक वेढा, आणि माझा एक हात रिकामा. नवरा मागून विचारत होता, "अगं, पकडलंस ना?" मला इतका आनंद झाला की लॉक भरेपर्यंत मी त्याला उत्तरच दिलं नाही. परतीच्या वाटेवर आम्ही जागा बदलल्या: तो दोरावर, मी इंजिनावर. आधी हे शक्यच नव्हतं, कारण त्या दोन दोरांची कसरत माझ्याच हाताला बसलेली होती.

मग सोन आणि रोन या नद्या. रोनवर लियाँपासून खाली बारा मोठी लॉकं आहेत, लाइफ जॅकेट सक्तीचं. बोलेनचं लॉक बोटीला सुमारे २३ मीटर खाली नेतं. भिंतीतला तरंगता खुंटा पाण्याबरोबर उतरतो, त्यामुळे मधल्या क्लीटवरून एक दोर पुरतो. तो खुंटा कधी अडकून बसू शकतो, म्हणून तिथेही नुसता वेढाच. उत्तरेचा मिस्त्राल वारा पाठीशी असताना लॉकमध्ये शिरणं अवघड जातं. तेव्हा पहिला दोर मध्यावर पडला की अर्धं काम झालं.

बाकीचं थोडक्यात. डिझेल इंजिनाने त्रास दिला नाही, फक्त उन्हाळ्यात कालव्यात पाणवनस्पती माजतात, इंजिन थंड करायला बाहेरून पाणी आत घेतात त्या वाटेवरची जाळी रोज उघडून साफ करावी लागते. झोपायची जागा दोघांना ठीक. फेंडर (बोट भिंतीला घासू नये म्हणून कडेला टांगायच्या फुगीर उशा) भरपूर घ्या. टायर लावू नका, सुटून बुडाले तर लॉकच्या दरवाजात अडकतात. दोर आम्ही मशीद बंदरहून १४ मिलिमीटरचे नायलॉनचे नेले होते. तिथल्या किमतीच्या निम्मेही पडले नाहीत आणि दोन मोसमांनंतर फक्त टोकं विसविशीत झालीत.

एक तक्रार नव्या क्लीटबद्दलही आहे. रोनच्या मुखाजवळच्या पोर-सँ-लुईला खाऱ्या पाण्यात आल्यावर वेल्डच्या कडेने तपकिरी डाग धरायला लागले. स्टेनलेस खोटं नाही, पट्टीच्या बाजूच्या भागावर डाग नाही. वेल्डिंगनंतर तो भाग ॲसिड पेस्टने साफ करून धुवायला हवा होता, तेवढं राहिलं. काकांना फोटो पाठवले. ते म्हणाले, पुढच्या वेळी घेऊन या, पेस्ट लावून पॉलिश करून देतो, पैसे नकोत. दादाने त्याच्या मित्राच्या बोटीसाठी आणखी दोन नग सांगितलेत. ते करताना पेस्टचं काम माझ्यासमोर करून घेणार आहे, आणि बोट विकायचा विषय आम्ही तिघांनीही सोडून दिलाय.