सोलर स्टिलचे सहा महिने: घेतलं जीव वाचवायला, कामाला आलं इन्व्हर्टरच्या

आमच्या घरातलं कुणी वाळवंटात अडकेल अशी शक्यता जवळपास शून्य. जुळे सोलापुरातून निघून फार तर तुळजापूर नाही तर गाणगापूर गाठणारी माणसं आम्ही. पण दिवाळीच्या सुट्टीत नवऱ्याला जंगलात एकट्याने कसं तगायचं याचे व्हिडिओ बघायचा नाद लागला आणि जानेवारीत घरी हे भलंमोठं खोकं आलं. आत सोलर स्टिल. म्हणजे काय, तर फायबरची पेटी, तळाला काळा ट्रे, वर तिरकी काच. ट्रेमध्ये खारं किंवा गढूळ पाणी ओतायचं. उन्हाने त्याची वाफ होते, ती काचेच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते, थेंब ओघळत खालच्या पन्हळीत येतात आणि नळीवाटे बाटलीत. मीठ, क्षार, माती ट्रेमध्येच राहतं. किंमत 4,200 रुपये. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, त्याच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

भांडण कशावरून, तर खोक्यावर छापलंय ‘रोज 5 लिटर’. काच भरते अर्धा चौरस मीटर. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 2.4 मेगाज्यूल उष्णता लागते. सोलापूरच्या भर एप्रिलमधलं ऊन धरलं तरी अर्ध्या चौरस मीटरवर दिवसभरात 11-12 मेगाज्यूलच पडतात. म्हणजे उन्हाचा कणही वाया न घालवता, काचेतून, तळातून, फटीतून काहीही न निसटता चाललं तर कुठे पाच लिटर. अशा पेट्या प्रत्यक्षात तीस-चाळीस टक्केच पकडतात. हा हिशेब मी घेण्याआधी करायला हवा होता, केला नंतर.

आमचे आकडे सांगते. जानेवारीअखेर रोज 600-700 मिली. मार्चमध्ये लिटरभर. एप्रिलअखेर, पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर, सगळ्यात जास्त 1,350 मिली. जूनमध्ये आभाळ आलं की 300 वर यायचं, आणि त्यासाठी जिना चढायचा माझा उत्साहही तेवढाच.

पहिले पंधरा दिवस तर 400 च्या वर गेलंच नाही. मला वाटलं काचेच्या कडेने वाफ निसटते, म्हणून सगळीकडे सिलिकॉन फासलं. उपयोग शून्य. मग एका दुपारी गच्चीवर बसून नुसतं बघत राहिले. काचेवरून थेंब नीट ओघळत होते, पन्हळीत पडत होते आणि पन्हळीतून नळीकडे जायचं सोडून उलट्या बाजूला साचून परत ट्रेमध्ये सांडत होते! गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार असतो, तो आमच्या लक्षातच नव्हता. एका पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला आणि दुसऱ्या दिवशी बाटली दीडपट भरली. दुसरी गोष्ट काचेची. आतून तेलकट बोट लागलं तरी तिथे थेंब गोल होऊन बसतो आणि टपकन खाली ट्रेमध्येच पडतो. काच साबणाने आणि राखेने घासली की पाण्याचा पातळ पापुद्रा होऊन सरळ खाली वाहतो. बाहेरून मात्र रोज पुसावी लागते. आमच्याकडची धूळ कुणाला सांगायला नको.

खरा फरक पडला टॉवेलने. शेवटी सोलापूरच हे. नणंदेच्या ओळखीने पूर्व भागातल्या एका कारखान्यातून सेकंडच्या मालातला काळा टर्किश टॉवेल आणला, रंग सुटायचा थांबेपर्यंत तीनदा उकळला आणि स्टीलच्या जाळीवर असा अंथरला की कडा पाण्यात आणि मधला भाग वर. टॉवेलचा प्रत्येक फासा पाणी वर ओढतो, थोडंच पाणी पटकन तापतं आणि वाफ लवकर सुरू होते. आधी साडेदहाला दिसणारे थेंब साडेनऊला दिसायला लागले. ट्रेमध्ये पाणीही दीड-दोन सेंटिमीटरच ठेवायचं. जास्त भरलं की सकाळ नुसती ते तापण्यात जाते. पण पूर्ण आटूही द्यायचं नाही, नाहीतर क्षाराची पांढरी खपली टॉवेलला अशी धरते की तो पापडासारखा कडक होतो. दर पंधरवड्याला व्हिनेगर.

चवीबद्दल. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, 1,460 मिलिग्रॅम. मचूळ, साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 500 योग्य आणि दुसरी सोय नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्या असं आहे, म्हणजे आम्ही ‘चालवून घ्या’वाले. स्टिलमधून आलेलं पाणी सुरुवातीला 40, मग 10-12 वर स्थिरावलं. पहिल्या आठवड्याचं सगळं झाडांना घातलं, सिलिकॉनचा आंबूस वास होता. नंतर सासूबाईंना तांब्याभर दिलं. एक घोट घेऊन म्हणाल्या, “हे पाणी आहे होय गं? नुसतं ओलं लागतंय.” चव क्षारांची असते, तीच गेलेली. माठात ओतून ठेवलं की जरा बरं लागतं.

आता ज्यासाठी हे घेतलं ते, म्हणजे जीव वाचवणं. व्हिडिओत पेटी नसते, खड्डा असतो. 1965 साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या रे जॅक्सन आणि कॉर्नेलियस व्हॅन बावेल या दोन शास्त्रज्ञांनी ही युक्ती मांडली: मीटरभर रुंद खड्डा, मध्ये भांडं, वर प्लास्टिक, त्यावर मधोमध दगड. मातीतला आणि आत टाकलेल्या पाल्यातला ओलावा प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमून दगडाच्या टोकावरून भांड्यात टपकतो. मार्चमध्ये मोहोळकडे दिरांच्या शेतात नवऱ्याने हे करून बघायचं ठरवलं. दीर बांधावर बसून बघत होते. “वहिनी, हिर भरलीय की आपली. ह्यो खड्डा कशापाय?”

काळ्या रानात वरची ढेकळं दगडासारखी. सव्वा तास खणण्यात गेला, शर्ट पिळून काढण्यासारखा. अशा उन्हात अंगमेहनत केली की तासाला लिटरभर घाम सहज जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यात मी मोजून 240 मिली पाणी बघितलं, त्यातही कडेची माती पडून तळाला गाळ. म्हणजे खड्डा पाच दिवस चालला तेव्हा कुठे तो खणताना गेलेला घाम भरून निघणार. त्यात आमच्या खड्ड्यात वेड्या बाभळीचा पाला भरलेला होता आणि खालची माती दमट होती. मुरमाड माळावर काय मिळालं असतं, देव जाणे. आणखी एक: किती साठलं ते बघायला प्लास्टिक उचललं की आतली वाफ उडून जाते आणि पुन्हा थेंब धरायला बराच वेळ लागतो. नवऱ्याने संध्याकाळपर्यंत चारदा उचललं.

त्याच दिवशी मी बांधावरच्या लिंबाच्या एका डहाळीला मोठी पारदर्शक पिशवी बांधून ठेवली होती, एक कोपरा खाली लोंबता ठेवून. पानं जी वाफ सोडतात ती पिशवीत जमते. संध्याकाळी 130 मिली. पाल्याचा वास होता, पण घाम एक थेंब नाही, आणि दहा पिशव्या बांधायला दहा मिनिटं पुरतात. मला विचाराल तर खड्ड्यापेक्षा हे केव्हाही. फक्त रुई, कण्हेर, शेर असल्या झाडांच्या नादी लागू नका.

समुद्रावर गोष्ट वेगळी. तिथे पाणी अमाप, फक्त खारं. दुसऱ्या महायुद्धात मारिया टेल्केस यांनी जीवरक्षक तराफ्यांसाठी फुगवायची स्टिल बनवली ती म्हणूनच. चिलीत लास सालिनासला 1872 मध्ये खाणीतल्या खेचरांसाठी काचेच्या स्टिलचा केवढा तरी पसारा उभा केला होता, आणि आपल्याकडे भावनगरजवळच्या अवानिया गावात 1978 मध्ये. खारं पाणी भरपूर, जागा भरपूर, घाई नाही, अशा ठिकाणी हे यंत्र चालतं. तहानेने घसा कोरडा पडलेल्या माणसाची नेमकी उलटी परिस्थिती असते.

एक धोका विकणाऱ्याने कुठेच लिहिलेला नाही. पेट्रोल, काही कीटकनाशकं यांचीही वाफ होते आणि ती पाण्याबरोबरच बाटलीत येते. त्यामुळे फवारणीच्या पंपातलं उरलेलं किंवा गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी यात घालून पिऊ नका. व्हिडिओत एका महाशयांनी रेडिएटरचंच घातलं होतं.

मेमध्ये वळवाच्या वादळात काचेवर शेजारच्या गच्चीवरचा पत्रा येऊन पडला. काच फुटली. विकणाऱ्याला फोन केला तर ‘नैसर्गिक आपत्तीला वॉरंटी नाही’. आपत्तीत वापरायचं म्हणून विकलेल्या वस्तूला! टिळक चौकाकडून 4 मिलीमीटरची साधी काच कापून आणली, मूळची होती त्यापेक्षा बरी बसली.

विकायला काढावं असं ठरत होतं तेवढ्यात इन्व्हर्टरचा माणूस बॅटरीत पाणी घालायला आला. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणायचा राहिला होता. मी स्टिलची बाटली पुढे केली. त्याने त्याचा मीटर बुडवला आणि म्हणाला, “नऊ दाखवतंय. कुठून आणलं ओ ताई? पुन्हा एकदा फिरवून द्या, मग बिनधास्त घालू.” तेच पाणी परत ट्रेमध्ये घातलं, दोन दिवसांनी 3 आलं. तेव्हापासून बॅटरी आणि इस्त्री, दोन्हीला हेच. शेजारचे काका त्यांच्या दुकानातल्या बॅटऱ्यांसाठी आठवड्याला दोन बाटल्या नेतात आणि पैसे नको म्हटलं तर शेंगाची चटणी पाठवतात.

सध्या पावसाळ्यामुळे पेटी ताडपत्रीखाली आहे. टॉवेल धुऊन ठेवलाय. नवरा आता चकमकीच्या दगडाने आग कशी पेटवायची ते बघतोय.