आज्जांची वही आणि जिन्याखालचं डीटीपी दुकान

आमच्या आज्जांनी युद्धकैदेची हकीकत एका शंभरपानी वहीत लिहून ठेवली होती. ट्रंकेत सापडली तेव्हा कडा कसरीनं खाल्लेल्या, निळी शाई फिकटलेली. टाइप करून ठेवायची म्हणून मी आधी एका मोठ्या दुकानात दिली. त्यांनी चार दिवसांत पानं दिली खरी, पण वाचताना मला रडू आलं. आज्जांनी लिहिलेलं, ‘इमान येऊलालंय म्हटलं की भुयारात पळायचं.’ छापून आलं, ‘विमान येत आहे असे समजताच आम्ही भुयारात आश्रय घेत असू.’ हे आमचे आज्जा नव्हेतच.

मग बेळगावच्या खडे बाजारातल्या बोळात, जिन्याखालच्या एका छोट्या दुकानात गेले. तिथल्या मामांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, “ताई, शुद्धलेखनाला हात लावायचा की नाही?” नाही म्हटलं. “मग मी एक काना-मात्रा बदलणार नाही.” शब्द पाळला त्यांनी. ‘इमान’ इमानच राहिलं.

आज्जा लष्करी लॉरीवर ड्रायव्हर होते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि १७ तारखेला फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी सैनिकांना जपान्यांच्या हवाली केलं. जपानी मेजर फुजिवाराचं भाषण आधी जपानीत, मग इंग्रजीत, मग हिंदुस्थानीत. आज्जा लिहितात, ‘उन्हानं टक्कुरं तापलं, तीनदा तेच ऐकलं.’ पुढं कॅप्टन मोहनसिंगांच्या आझाद हिंद फौजेत काहीजण गेले, काही नाही गेले. आज्जा नाही गेले. १९४३ साली त्यांना बोटीनं न्यू गिनीजवळच्या न्यू ब्रिटन बेटावर रबौलला नेलं, मजुरीला.

मामा इथं माझ्यासाठी थांबले. ‘टेंको’ शब्द अकरा वेळा आला होता, अर्थ कळेना. चुकून ‘टेकू’ करून टाकलं असतं तरी मी ओरडले नसते, पण त्यांनी फोन केला. टेंको म्हणजे जपानी हजेरी, सकाळ-संध्याकाळ उभं करून मोजणं. तसंच एका पानावर आज्जांनी पेन्सिलीनं वाफ्यांचा नकाशा काढलेला. समुद्राची वाट बंद झाल्यावर जपानी शिपाईसुद्धा रताळी लावून खात होते, कैद्यांनाही तेच काम. सोळा वाफे, प्रत्येकाला आकडा, शेवटच्या वाफ्यावर ‘चोरलं’ एवढंच. मामांनी ते पान वेगळं स्कॅन करून, तेवढ्याच मापात, मजकुराच्या मध्ये बसवलं. मी सांगितलं नव्हतं.

६ सप्टेंबर १९४५ ला रबौलसमोर ‘ग्लोरी’ नावाच्या ब्रिटिश जहाजावर जपानी जनरल इमामुरांनी शरणागतीवर सही केली. वहीत तो दिवस नाही. आहे ते असं : ‘गोरे सायब आले, बिस्किट दिलं, पोटात ऱ्हायना.’ टाइप करताना मामांनी ही ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि पुढं थोडा वेळ काही बोलले नाहीत.

कमी आहे ते सांगते. पंधरा दिवस म्हणाले आणि सहा आठवडे लागले, त्यात गणपतीचे आठ दिवस दुकान बंद. प्रिंटरवर फोटो जरा काळपट येतात, आज्जांचा गणवेशातला फोटो मला परत काढून घ्यावा लागला. घाई असेल तर जाऊ नका. टाइपिंगला पानामागं चाळीस रुपये, स्कॅनला दहा, कापडी बांधणीचे दोनशे वेगळे. चार प्रती करून घेतल्या, एक येळ्ळूरच्या चुलत्यांना दिली.

कुणाच्या घरी अशी वही, पोस्टकार्डं, डिस्चार्ज बुक असेल तर थेट इथं न्या. पाच पानं आधी नमुन्याला करून मागा, ते देतात. मूळ वही मला परत मिळाली ती पातळ मलमलीत गुंडाळून, मधे कडुलिंबाची पानं घालून. पानं कुठून आणली विचारलं, तर म्हणाले घरून.