विजया तेल, तीस मिली: चाळीस रात्री वापरून

बत्तीस वर्षं मी वजनमापे खात्यात काढली. नागपुरात कळमन्याच्या धरमकाट्यापासून इतवारीतल्या सराफांच्या तराजूपर्यंत सगळं तपासून झालंय. त्यामुळे घरात कुठलीही बाटली आली की मी आधी लेबल वाचतो आणि मग झाकण उघडतो. बायको याला रोग म्हणते. ही बाटली आली तेव्हा मात्र तीच म्हणाली, "नीट वाचा बाप्पा, गांजाचं तेल आहे म्हणे."

गांजाचं नाही, पानांचं. हा फरक केवढा महाग पडू शकतो ते पुढे सांगतो.

कंपनीचं नाव देत नाही. तक्रार केली आहे आणि तिचं धड उत्तर अजून यायचं आहे. माल असा: विजया अर्क, म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क, तिळाच्या तेलात. काचेची तपकिरी बाटली, ड्रॉपरचं झाकण, ३० मिली, किंमत २,३५० रुपये. माझे दोन्ही गुडघे गेले आहेत. दिवसा कसंतरी निभतं, पण रात्री दोनच्या सुमाराला कूस बदलली की जाग येते आणि मग पहाटेच्या पहिल्या बसचा आवाज येईपर्यंत डोळा लागत नाही. ऑपरेशनला मी तयार नाही. पुतण्यानं लिंक पाठवली, मी मागवलं.

मागवणं फारच सोपं आहे, आणि तिथेच मला पहिल्यांदा खटकलं. हे औषध वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत. भांग हे द्रव्य औषध कायद्याच्या ई-१ यादीत आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं, आणि तशी सूचना लेबलवर छापावी लागते. ती छापली आहे, बारीक अक्षरात का होईना. देखरेख कशी, तर पैसे भरल्यावर वैद्यांचा फोन येतो. माझा आला तेव्हा मी गोकुळपेठ बाजारात वांगी निवडत होतो. वय, वजन, दुखतं कुठे, झोप किती. बीपीची गोळी चालू आहे हे मीच सांगितलं, त्यांनी विचारलं नव्हतं. रक्त पातळ करायची गोळी घेता का, हेही नाही. असल्या अर्कात सीबीडी नावाचं द्रव्य असतं, त्यानं वॉरफॅरिनसारख्या रक्त पातळ करायच्या गोळीचा परिणाम वाढतो, एवढं तर पुतण्यानंच मला आधी सांगून ठेवलं होतं. फोन तीन मिनिटं चाळीस सेकंद चालला, मोबाईलमध्ये नोंद आहे. वांग्यांचे पैसे देईपर्यंत चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर हजर.

चौथ्या दिवशी कुरिअरचा मुलगा आला, ओटीपी घेतला, डबा दिला. "काका, काय आहे?" "गुडघ्याचं तेल." खोटं नव्हतं.

आता लेबल. निव्वळ प्रमाण ३० मिली. माझ्याकडे अजून काचेचा मोजनळा आहे, त्यात ओतून पाहिलं तर साडेअठ्ठावीस भरलं. एवढी तूट नियमात बसते, सोडून दिलं. पुढे लिहिलंय, "विजया अर्क १५०० मिग्रॅ". म्हणजे एका मिलीत पन्नास. मात्रा: "रात्री ५ ते १० थेंब". थेंब हे माप नाही, हे मी आयुष्यभर दुकानदारांना सांगत आलो. सोयीसाठी वीस थेंबांचा एक मिली धरतात, पण ते पाण्याचं. तेलाचा थेंब लहान पडतो. त्याच ड्रॉपरनं तीन वेळा मोजलं, एका मिलीत चौतीस थेंब. "काय मोजून राहिले तुम्ही रात्रीचे?" बायको. वीस धरले तर दहा थेंबांत पंचवीस मिलिग्रॅम अर्क, चौतीस धरले तर पंधरा. वैद्यांच्या डोक्यात कुठला आकडा होता कोण जाणे.

आणि खरी गोम पुढेच आहे. पंधरा मिलिग्रॅम अर्क म्हणजे नेमकं काय? या झाडातलं टीएचसी डोक्यात जातं, सीबीडीनं तसली नशा होत नाही. माझ्या थेंबात कुठलं किती, ते लेबलवर नाही, डब्यावर नाही, चिठ्ठीवर नाही. अर्काचं वजन दिलं आणि अर्कात काय ते दिलं नाही. एखाद्या डब्यावर "मसाला ५०० ग्रॅम" छापून तिखट किती ते ज्याचं त्यानं खाऊन पाहावं, तसंच.

परिणाम सांगतो, कारण परीक्षण म्हटलं की लोक तेच शोधतात. वासाला ओल्या गवतासारखं, चव कडवट, जिभेवर चिकटून राहतं. पहिल्या चार रात्री पाच थेंब, काही नाही. पाचव्या रात्री दहा. तीन वाजता एकदा उठलो, पुन्हा झोपलो, थेट साडेसहा. असं किती वर्षांनी झालं ते आठवेना. दुखणं गेलं नाही. दुखणं तिथेच होतं, फक्त माझ्या मागे लागलं नव्हतं. नवव्या रात्री शहाणपणा केला आणि वीस थेंब घेतले. तोंड कोरडं पडलं, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फार हळू चाललाय असं वाटायला लागलं, आणि सकाळी चप्पल घालताना तोल गेला. बीपीची गोळी आणि हे, दोन्ही मिळून झालं असावं. त्यानंतर बारा थेंबांवर थांबलो. तेल चांगलं आहे, गुडघ्यापेक्षा झोपेसाठी जास्त.

आता तो फरक. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा गांजा म्हणजे काय ते सांगतो: झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. पानं आणि बिया, शेंडे सोबत नसतील तर, त्यात धरत नाहीत. म्हणून पानांचं तेल माझ्या दारात ओटीपीवर येतं. (नुसती भांग मात्र आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यात अडकते. मध्य प्रदेशात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं आहेत. चौरागडला महादेवाच्या यात्रेला गेलेल्या कुठल्याही नागपूरकराला विचारा, सीमा ओलांडली की हवाच बदलते.) आमच्या ले-आउटमधल्या एका मुलाला दोन वर्षांपूर्वी फुटाळ्याच्या बाजूला चाळीस ग्रॅम गांजासकट धरलं. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलगा अजून तारखांना जातो. कंपनीनं ऑफर लेटर दिलं होतं, पडताळणीत अडकलं ते अडकलंच. त्याच्या वडिलांना मी एकदा विचारलं की ते चाळीस ग्रॅम कुठल्या काट्यावर तोललं, काट्यावर त्या वर्षीच्या पडताळणीची मोहोर होती का? ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहून राहिले की मी विषय बदलला. पण प्रश्न माझ्या मते बरोबर होता.

झाड एकच. वर पंचनामा, खाली कुरिअर.

याच मातीत एकेकाळी याचा हिशोब ठेवला जायचा. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा निमाडात, खंडव्याकडे, परवान्यावर गांजाची शेती व्हायची आणि सरकार त्यावर कर घ्यायचं. १८९३ मध्ये इंग्रजांनी भांग-गांजाची चौकशी करायला आयोग नेमला, अकराशेच्या वर साक्षी घेतल्या, आणि निष्कर्ष काढला की सरसकट बंदीची गरज नाही, परवाना आणि कर ठेवा. इंग्रजांना महसूल हवा होता, त्यांना संत समजायचं कारण नाही. पण महसुलासाठी का होईना, माल तोलला जायचा.

पुतण्या ब्रॅम्प्टनला असतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. त्यानं मला तिथल्या गांजाच्या गोड गोळ्यांच्या एका पाकिटाचा फोटो पाठवला, आणि खरं सांगतो, मी तो फोटो लग्नाच्या पत्रिकेसारखा दोनदा वाचला. टीएचसी किती मिलिग्रॅम, सीबीडी किती, लाल अष्टकोनी खूण, पिवळ्या चौकटीत इशारा, कर भरल्याचं तिकीट, लहान मुलांना उघडता न येणारं पाकीट. खायच्या पदार्थाच्या एका पाकिटात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी घालायलाच मनाई. नशेच्या मालावर एवढं लेबल, आणि माझ्या औषधावर "अर्क".

म्हणून मला कुणी विचारलं की गांजा कायदेशीर करावा का, तर माझं उत्तर एका निवृत्त निरीक्षकाचं उत्तर आहे: जिथे बंदी आहे तिथे माझ्यासारख्याला शिरता येत नाही. चंद्रपूरला २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, त्यातली दोन वर्षं मी तिथे नोकरीला होतो. लॉजवरचा पोरगा हळू आवाजात विचारायचा, भाव दुप्पट सांगायचा, आणि बाटलीचं सील आधीच तुटलेलं. त्यात काय आहे हे तपासायला मला कोण बोलावणार? बंदी असलेली वस्तू कमी भरली म्हणून कुणी खात्यात तक्रार देत नाही.

हे मी घरी बोललो तर बायको म्हणाली, "खर्रा बंद करता आला का तुमच्या सरकारला? गुटखा बंद होऊन किती वर्षं झाली? पानठेल्यावर सगळं मिळून राहिलं. आता त्याच ठेल्यावर गांजा ठेवा, आणि पोरं शाळेतून येता-जाता घेतील." गुटखाबंदी २०१२ ची. आमच्या चौकातल्या ठेल्यावर खर्रा घोटण्याचा आवाज सकाळी सातला सुरू होतो, हे मी रोज ऐकतो. थायलंडनंही २०२२ मध्ये दार उघडलं, गल्लोगल्ली दुकानं निघाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा चिठ्ठीची सक्ती करावी लागली. तर तिचं म्हणणं खोडता येत नाही. नियम करणं आणि ठेल्यापर्यंत निरीक्षक पोचवणं या दोन गोष्टी आहेत, आणि आमच्या खात्यात माणसं किती होती हे मला चांगलं माहीत आहे. ठेल्यावर नकोच. पण चाळीस ग्रॅमसाठी एका पोराची नोकरी जावी आणि माझ्या बाटलीत काय आहे हे कुणीच विचारू नये, हेही मला पटत नाही.

कंपनीला मेल केला: या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल पाठवा, टीएचसी आणि सीबीडीचे आकडे वेगवेगळे द्या, आणि थेंबाऐवजी मिलीच्या खुणा असलेला ड्रॉपर द्या. दोन दिवसांनी उत्तर आलं. सुरुवात "प्रिय वेलनेस परिवार सदस्य" अशी, शेवटी पुढच्या ऑर्डरवर पंधरा टक्के सवलतीचं कूपन. अहवाल नाही. पुन्हा मेल केला, तर "संबंधित विभागाकडे पाठवलं आहे". हे वाक्य मी स्वतः नोकरीत इतक्यांदा लिहिलंय की त्याचा अर्थ मला समजावून सांगायची गरज नाही.

पाचपैकी अडीच. एक झोपेसाठी, एक वेळेवर आल्याबद्दल, अर्धा बाटली जाड काचेची आहे म्हणून. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, फोनवरच्या वैद्यांच्या भरवशावर तर मुळीच नको. आणि थेंब स्वतः मोजा.

कूपन ३१ तारखेला संपतंय. दुसरी बाटली मागवलेली नाही. पहिलीत साडेपंधरा मिली उरलं आहे, काल रात्रीच मोजलं.