वर्गातलं ७५ इंची टच पॅनल: घ्या, पण फळा काढू नका

७५ इंच हा आकडा कर्णाचा. प्रत्यक्ष लिहायला मिळते ती काच साधारण १६६ सें.मी. रुंद आणि ९३ सें.मी. उंच. आठ बाय चार फुटांचा फळा त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. शेवटच्या बाकावरून वाचता येईल असं चार-पाच सें.मी. अक्षर काढलं, वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा सोडली, की पॅनलवर जेमतेम आठ ओळी मावतात. बीजगणितातलं लांब उदाहरण नवव्या ओळीला पुढच्या पानावर जातं आणि पहिली पायरी डोळ्यांसमोरून नाहीशी होते. सावकाश उतरवून घेणारं मूल तिथेच मागे पडतं. गणित आणि व्याकरण फळ्यावरच शिकवावं, हे आमचं ठाम मत.

भूगोलाला मात्र पॅनलला तोड नाही. सिंहगडाच्या समोच्चरेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) आणि उपग्रहचित्र एकावर एक ठेवून दाखवलं, की रेषा दाट कुठे आणि चढ खडा कुठे हे वर्ग आपणहून सांगतो. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडतात, ते साहित्य आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवावं. चाळीस मुलं समोर असताना गोल फिरणारं चक्र बघत बसण्यात तास जातो.

विकत घेण्याआधी दुकानात एकच चाचणी घ्या: ‘ज्ञानेश्वर’ भरभर लिहा, त्यावर शिरोरेघ ओढा आणि चार-पाच अनुस्वार टेकवा. रेघ हाताच्या मागे रेंगाळली किंवा टिंबं गळली, तर ते पॅनल मराठी लिहायला उपयोगाचं नाही. विक्रेता दाखवतो ते रंगीत व्हिडिओ सगळ्याच पॅनलवर छान दिसतात.

बहुतेक पॅनलचा स्पर्श अवरक्त किरणांवर चालतो. काचेच्या किंचित वर किरणांची जाळी असते आणि ती तुटली की यंत्राला स्पर्श कळतो. म्हणून शर्टाची बाही, ओढणी, बांगडी जवळ गेली तरी रेघ उमटते. खडूची भुकटी खालच्या चौकटीच्या खाचेत साचली, की पेन आपोआप भरकटतं. कंपनीचा माणूस बोलावण्याआधी पॅनल बंद करून कोरड्या मऊ ब्रशने खाच झाडावी. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. काचेवर पाणी फवारू नये, ते ओघळून चौकटीत जातं. फळा आणि पॅनल यांत निदान दीड मीटर अंतर ठेवावं. खिडकीतलं थेट ऊनही या किरणांना बाधतं, त्यामुळे खिडकीपासून लांबची बाजू पॅनलला द्यावी.

वजन साधारण पन्नास किलो. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या इमारतींत विटा आणि मातीच्या भिंती आहेत. तिथे नुसते फास्टनर ठोकून चालत नाही, आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी लागते. ते जमत नसेल तर जड बुडाचा स्टँड घ्यावा. खालची कड जमिनीपासून ८० ते ९० सें.मी.वर असावी, नाहीतर पाचवीतल्या मुलाचा हात निम्म्या काचेपर्यंतच पोचतो.

लॅपटॉप जोडताना केबल दोन लागतात: चित्रासाठी एचडीएमआय, स्पर्शासाठी यूएसबी. चित्र दिसतंय पण टच चालत नाही, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा न जोडलेली दुसरी केबल असते, किंवा पाच मीटरपेक्षा लांब घेतलेली साधी यूएसबी.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या प्रश्नपत्रिका पॅनलवर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडतात. त्या आधी पीडीएफ करून घ्याव्यात.

पॅनलला वेगळा एमसीबी (वीजप्रवाह जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. धातूच्या चौकटीला मुलांचे हात सतत लागतात. छोटा यूपीएस तास चालवण्यासाठी नसतो, वीज गेल्यावर पॅनल व्यवस्थित बंद करण्यापुरता असतो. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात, तेव्हा वेळापत्रक आखताना पॅनलचे तास त्या दिवशी ठेवू नयेत.

वॉरंटीच्या कागदावर टच फ्रेमचा (स्पर्श ओळखणाऱ्या चौकटीचा) उल्लेख वेगळा आहे का ते पाहा, आणि दुरुस्ती शाळेत येऊन करणार हे लिहून घ्या. पन्नास किलोची काच रिक्षातून नेता येत नाही.