डाँगल मेल्यानंतर फिजीवर नऊ महिने: मोजणीचा प्रश्न सुटला, ८-बिटने मात्र छळलं

फिजी म्हणजे मायक्रोस्कोपच्या चित्रांवर मोजमाप करणारं मोफत सॉफ्टवेअर; ते कुठून उतरवायचं, हे सांगत बसत नाही. मायक्रोस्कोपवर फील्ड टिपून पेशी मोजणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. हा अनुभव पैसे मोजून घेतलेलं पॅकेज सोडून रोजचं काम फिजीवर आणल्यानंतरचा आहे. काम ठरावीक: डॅपीने (डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगाने) रंगवलेली केंद्रकं मोजायची, त्यांतल्या एका प्रथिनाची फ्लुरोसन्स तीव्रता काढायची, झेड-स्टॅकचं, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवर टिपलेल्या चित्रांच्या थप्पीचं, एकाच चित्रात प्रोजेक्शन करायचं.

कारण अंगठ्याएवढं होतं. पॅकेजचं लायसन्स यूएसबी डाँगलमध्ये, म्हणजे संगणकाला खोचायच्या किल्लीत. डाँगल बंद पडलं आणि सॉफ्टवेअर नुसता व्ह्यूअर म्हणून उघडू लागलं: चित्र दिसतं, मोजता येत नाही. विक्रेत्याचं उत्तर असं की एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपली आहे, त्यामुळे बदली डाँगल म्हणजे नवं लायसन्स. जुन्या आवृत्तीचं लायसन्स आता निघत नाही, म्हणून अपग्रेड. अपग्रेडला जुना संगणक पुरत नाही, म्हणून तोही नवा. एकदा पूर्ण पैसे भरून 'कायमस्वरूपी' म्हणून घेतलेली वस्तू पुन्हा पूर्ण पैसे भरून घ्यायची, हे पटण्यासारखं नाही आणि कोणत्याही लॅबने ते मुकाट्याने मान्य करू नये. डाँगलवर चालणारं काही घेत असाल तर डाँगल खराब झाल्यास किंवा हरवल्यास बदली किती पैशांत आणि एएमसी नसताना मिळणार का, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. शिवाय थ्रेशोल्ड (किती तीव्रतेच्या वर केंद्रक धरायचं ती सीमा), फिल्टर, किमान आकार हे सगळं आजच साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवा. मूळ इमेज फाइली कुठेही उघडतात, पण मोजणीची सेटिंग त्या पॅकेजच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये अडकून बसतात, आणि जुन्या आकड्यांशी नवे जुळवायचे तर तीच लागतात.

पैशांचं गणितही सांगतो. आपल्याकडचे बहुतेक प्रकल्प तीन वर्षांचे. वार्षिक वर्गणीचं सॉफ्टवेअर प्रकल्प संपला की बंद, आणि पेपरवर शेरे येतात ते बहुधा त्यानंतरच. सार्वजनिक निधीवरच्या संशोधन संस्थांना मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली. आता सॉफ्टवेअरवर सरळ १८ टक्के. २०२५ पासूनच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेत जर्नलं आहेत, विश्लेषणाची सॉफ्टवेअर नाहीत. बाजारही आवळत चालला आहे. प्रिझम (आलेख आणि सांख्यिकी), स्नॅपजीन आणि जिनियस (डीएनए क्रमांचं काम) ही तिन्ही एकाच डॉटमॅटिक्सच्या छत्राखाली गेली आणि २०२५ मध्ये सीमेन्सने ती कंपनीच ५.१ अब्ज डॉलरना घेतली. फ्लो सायटोमेट्रीचं फ्लोजो २०१७ मध्ये बीडी कंपनीने घेतलं. त्रिमितीय चित्रांचं इमॅरिस बनवणारी बिटप्लेन आधी अँडोरकडे आणि अँडोरसकट ऑक्सफर्ड इन्स्ट्रुमेंट्सकडे गेली. घासाघीस करायला समोर दुसरा दुकानदारच उरला नाही की लहान लॅबचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आता फिजी. वेन रासबँड यांनी अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेत १९९७ साली इमेजजे सुरू केलं; फिजी म्हणजे तेच, प्लगइनांची शिदोरी बांधून दिलेलं. शिदोरीतली सगळ्यात मोलाची गोष्ट बायो-फॉरमॅट्स. सीझेडआय (झाइस), एलआयएफ (लायका), एनडी२ (निकॉन), बहुतेक कंपन्यांच्या फाइली पिक्सेलच्या मापासकट उघडतात. फक्त एक पडताळा हवा. ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपचं नमुन्याकडचं भिंग) हाताने फिरवायचं असेल तर फाइलमधलं माप हे इमेज घेताना सॉफ्टवेअरमध्ये जे ऑब्जेक्टिव्ह निवडलं होतं त्याचं असतं, प्रत्यक्ष लावलेल्याचं असेलच असं नाही. ६.५ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा आणि १एक्स अडॅप्टर असेल तर ४०एक्सला ०.१६२५, २०एक्सला ०.३२५ मायक्रॉन यायला हवेत. 'सेट स्केल'मधल्या 'ग्लोबल'वर खूण करू नका. २०एक्सचं माप ग्लोबल करून ४०एक्सच्या फाइली उघडल्या की प्रत्येक क्षेत्रफळ चौपट येतं.

मेमरी आधी ठरवून घ्या. २०४८ × २०४८ ची १६-बिट इमेज म्हणजे ८ एमबी. तीन चॅनल आणि ३० झेड-पातळ्या म्हणजे साधारण ७२० एमबी, आणि डुप्लिकेट केलं की दुप्पट. 'मेमरी अँड थ्रेड्स'मध्ये संगणकाच्या रॅमचा पाऊण भाग द्या. फक्त पाहायचं असेल तर 'व्हर्च्युअल स्टॅक' (पूर्ण फाइल मेमरीत न भरता उघडणं) ठीक, पण त्यात केलेले बदल टिकत नाहीत. फोल्डर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये ठेवू नका, तिथे अपडेट परवानगीवर अडतं.

इथवर सगळं चांगलं. आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते: १६-बिटचं ८-बिट करणं, म्हणजे पिक्सेलच्या तीव्रतेच्या ६५,५३६ पायऱ्या २५६ पायऱ्यांत कोंबणं.

कुठलाही शिकवणीचा कागद उघडा, पहिली पायरी 'इमेज, टाइप, ८-बिट' हीच असते. ती पायरी काय करते ते तिथे लिहिलेलं नसतं. फिजी त्या क्षणी पडद्यावर जी डिस्प्ले रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवली जाणारी मूल्यं) आहे तिचं किमान मूल्य ० वर आणि कमाल मूल्य २५५ वर नेतं. बायो-फॉरमॅट्सने 'ऑटोस्केल' लावून फाइल उघडली असेल तर ही रेंज प्रत्येक फाइलची वेगळी असते. कंट्रोलची रेंज १०० ते १,२०० आणि औषध दिलेल्या नमुन्याची १०० ते ३,६०० धरा. कंट्रोलमधल्या केंद्रकाची सरासरी ६५०, औषधवाल्याची १,८५०. पार्श्वभूमीचे १०० वजा केले तर फरक तिपटीहून जास्त. ८-बिट केल्यावर पहिली सरासरी १२७ च्या आसपास, आणि दुसरीही तेवढीच. प्रयोगाचा निकाल एका क्लिकमध्ये पुसला गेला. इशारा नाही, लाल अक्षरं नाहीत, आणि चित्र तर आधीसारखंच दिसतं.

'कन्व्हर्जन्स'मधली 'स्केल व्हेन कन्व्हर्टिंग' ही खूण काढून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने काम आणखी बिघडतं. स्केल न करता बदललं की २५५ च्या वरचं सगळं २५५ वरच कापलं जातं, आणि १२-बिट कॅमेऱ्याच्या ० ते ४,०९५ मूल्यांतली बहुतेक केंद्रकं पांढरीफट्ट होतात. 'ब्राइटनेस/कॉन्ट्रास्ट'मधलं 'ॲप्लाय'ही टाळा. स्लायडर हलवल्याने फक्त दिसणं बदलतं, ॲप्लायने पिक्सेलचे आकडे बदलतात. अनडू एकाच पायरीचा, त्यामुळे पुढची क्लिक झाली की परतीचा रस्ता नाही.

मुळात ८-बिटची गरजच बहुतेक वेळा नसते. ऑटो थ्रेशोल्ड १६-बिटवर चालतो, 'ॲनालाइज पार्टिकल्स'ही चालतं. 'ऑटो लोकल थ्रेशोल्ड'ला मात्र ८-बिटच लागतं. तेव्हा हा क्रम पाळा. मूळ डॅपी चॅनल डुप्लिकेट करा. डुप्लिकेटवर पार्श्वभूमी काढा. रोलिंग बॉलची त्रिज्या मूळची ५० पिक्सेल असते, ती तुमच्या सगळ्यात मोठ्या केंद्रकापेक्षा मोठी ठेवा, नाहीतर केंद्रकाचा मधला भागच खरवडला जातो. मग ८-बिट, थ्रेशोल्ड, मास्क (केंद्रक आणि पार्श्वभूमी असं दोनच रंगांचं चित्र), सगळं त्या डुप्लिकेटवरच. 'सेट मेझरमेंट्स'मध्ये 'रीडायरेक्ट टू' म्हणून प्रथिनाचा मूळ, हात न लावलेला १६-बिट चॅनल निवडा. बाह्यरेषा डुप्लिकेटवरून येतात, आकडे मूळ इमेजवरून. मोजण्याआधी मूळ इमेजला 'हायलो' लूकअप टेबल (कोणतं मूल्य कोणत्या रंगात दाखवायचं त्याची सारणी) लावून पाहा, पण आधी डिस्प्ले रेंज कॅमेऱ्याच्या पूर्ण मर्यादेवर, म्हणजे १२-बिटला ० ते ४,०९५ वर, सेट करा. केंद्रकांत लाल ठिपके दिसले तर ते पिक्सेल संपृक्त आहेत, म्हणजे कॅमेऱ्याच्या कमाल मूल्याला टेकलेत, आणि त्या फाइलची तीव्रता कुठल्याही सॉफ्टवेअरने खरी येणार नाही. एक्स्पोजर कमी करून इमेज पुन्हा घ्या.

छपाईसाठी ८-बिट करणं भाग आहे, पण तेव्हाही एका आकृतीतल्या सगळ्या पॅनेलना 'सेट' बटणातून तीच किमान-कमाल मूल्यं द्या आणि मगच बदला. जेपीईजी नकोच, टिफ वापरा.

तक्त्यातल्या दोन स्तंभांत गोंधळ होतो, तोही सांगून टाकतो. 'रॉ इंट डेन' म्हणजे पिक्सेल मूल्यांची बेरीज, 'इंट डेन' म्हणजे सरासरी गुणिले क्षेत्रफळ. मायक्रॉनमध्ये कॅलिब्रेशन असेल तर दोन्ही वेगळे येतात. एका पेपरमध्ये एकच वापरा आणि कोणता ते पद्धतीत लिहा.

पहिले चार महिने माझं ठाम मत होतं की ऑत्सू (आपोआप थ्रेशोल्ड ठरवणं), फिल होल्स (भोकं बुजवणं) आणि वॉटरशेड (चिकटलेली केंद्रकं वेगळी करणं) एवढं पुरतं. हे मत मी बदललं आहे. विरळ पेशींत ते बरोबर आहे. पेशी दाटल्या की वॉटरशेड लांबट केंद्रकं मधून चिरतं आणि सपाट कडेने चिकटलेल्या जोड्या तशाच सोडतं. किमान-कमाल आकाराची चाळणी लावूनही हे निस्तरत नाही, कारण दोन्ही चुका नेहमीच्या आकारातच बसतात. अशा ठिकाणी स्टारडिस्ट हे आधीच शिकवलेल्या मॉडेलने केंद्रकं ओळखणारं प्लगइन वापरा. 'मॅनेज अपडेट साइट्स'मधून सीएसबीडीप आणि स्टारडिस्ट दोन्हींवर खूण करावी लागते. एकच केली तर चालत नाही आणि एररचा संदेश वाचून कारण कळत नाही. फ्लुरोसन्सचं तयार मॉडेल गोल आणि लंबगोल केंद्रकांना छान. १२ मायक्रॉन व्यासाचं केंद्रक २०एक्सला सुमारे १,०७० पिक्सेलांचं असतं, तिथे अडचण नाही. ४०एक्सला ते ४,२८० पिक्सेलांचं होतं. तिथे एका केंद्रकाचे तुकडे पडू लागले तर डुप्लिकेट निम्म्या आकाराचं करून चालवा आणि मिळालेल्या बाह्यरेषा मोजणीआधी दुप्पट करा.

स्टारडिस्टचाही एक खोडा आहे, आणि तो त्याच ८-बिटच्या जातीचा. ते प्रत्येक इमेज तिच्या स्वतःच्या पर्सेंटाइलवर नॉर्मलाइज करतं. रिकाम्या फील्डमध्ये त्यामुळे नुसता नॉइज (पिक्सेलमधले निरर्थक चढउतार) ताणला जातो आणि तिथेही 'केंद्रकं' सापडतात. मोजणीनंतर मूळ डॅपी चॅनलवर सरासरीची किमान अट घाला, ती भुतं गळून पडतात. वेडावाकड्या, वळणदार पेशींसाठी स्टारडिस्ट नको, कारण ते आकार ताराकृती धरून चालतं. तिथे सेलपोज हे दुसरं पेशी ओळखणारं साधन चांगलं, पण ते बसवायला पायथॉनचं वातावरण उभारायची तयारी हवी.

शेकडो फील्ड हाताने करू नका. 'मॅक्रो, रेकॉर्ड' चालू ठेवून एक फाइल पूर्ण करा, मग ती नोंद, म्हणजे मॅक्रो, साफ करून पूर्ण फोल्डरवर फिरवा. सुरुवातीलाच 'ब्लॅक बॅकग्राउंड' आणि 'सेट मेझरमेंट्स' या दोन्ही गोष्टी मॅक्रोत लिहून टाका. नाहीतर त्या संगणकावर आधी बसलेल्याने जे निवडलं असेल तेच लागू होतं, आणि मास्क उलटा होऊन केंद्रकांऐवजी रिकामी जागा मोजली जाते. क्षेत्रफळाच्या स्तंभात एकच अवाढव्य आकडा दिसला तर हेच झालंय असं समजा.

विकतच्या पॅकेजवर मात्र अन्याय नको. त्रिमितीत हलणाऱ्या पेशींचा माग काढणं, चुकलेले धागे माऊसने पकडून दुरुस्त करणं, मोठे व्हॉल्यूम अडखळत न दाखवणं, यात ती अजून पुढे आहेत. वर्षातून दोन आठवडे ते लागत असेल तर मध्यवर्ती सुविधेत तासाच्या दराने बसा. स्वतःचं लायसन्स घेण्याचं कारण मला दिसत नाही.

पेपर पाठवण्याआधी एक काम करा. फिजीला इन्स्टॉलर नसतो, ते नुसतं फोल्डर असतं. ज्याने मोजलं ते पूर्ण फोल्डर झिप करा, त्यात मॅक्रो, एक मूळ इमेज आणि तिचा आलेला तक्ता ठेवा, झिपच्या नावात तारीख घाला. रोजच्या कामाची प्रत वेगळी, अपडेट फक्त तिलाच. अपडेट झालं की नव्या प्रतीवर तीच इमेज चालवून तक्ता जुळवा. फरक आलाच तर आधी डिस्प्ले रेंज पाहा.